महिनाअखेरची चूल

शिजवलेले अन्न विकणे ही गोष्ट आपल्या जुन्या समाजाला कधीच मनापासून मानवली नाही. धान्य विकावे, मीठ विकावे, फार झाले तर जत्रेत भजी-जिलबी विकावी. पण भात, भाकरी आणि कालवण ताटात वाढून त्याचे दाम हातावर घ्यावेत, ह्याला धर्मशास्त्राने अन्नविक्रय असे नाव देऊन ते दोषास्पद ठरविले होते, आणि लोकव्यवहारानेही बहुधा तेच मान्य केले होते. वाटसरू आपला शिधा गाठीला बांधून निघे आणि धर्मशाळेच्या ओसरीवर तीन दगडांची चूल मांडी. गरीब विद्यार्थी माधुकरी मागे किंवा वार लावून जेवे. तीर्थक्षेत्री धनिकांची अन्नछत्रे चालत. ह्या सर्व व्यवस्थांत देणारा दाता होता, घेणारा अतिथी किंवा याचक होता, आणि दोघांच्या मध्ये पैसा नव्हता. म्हणूनच परळ-लालबागच्या चाळीतल्या एखाद्या बाईने आपल्या संसाराच्या एकुलत्या एका खोलीत दहा-वीस परक्या पुरुषांना दोन वेळ जेवू घालून महिन्याच्या महिन्याला पैसे घ्यावयास प्रारंभ केला, तेव्हा तिच्या ह्या उद्योगाला मागचा कोणताही प्रतिष्ठित दाखला नव्हता. तिला दाता म्हणता येत नव्हते, कारण ती मोबदला घेत होती. आणि व्यापारीही म्हणता येत नव्हते, कारण ज्याने पैसे चुकते केले नाहीत त्याच्या पुढचे ताट ओढून घेणे तिच्या हातून होत नव्हते. गिरणगावातल्या खाणावळींचा इतिहास ह्या अडचणीच्या जागेत घडलेला आहे, आणि तो जमाखर्चाच्या अंगाने सांगितल्यावाचून उलगडत नाही, असे माझे मत आहे.

कावसजी नानाभाई दावर ह्यांनी १८५४ साली कंपनी स्थापन करून ताडदेव येथे मुंबईची पहिली कापडगिरणी उभारली आणि १८५६ साली तिच्यातून सूत निघू लागले. पुढच्या अर्धशतकात भायखळा, चिंचपोकळी, परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळी ह्या टापूत धुराड्यांचे रान माजले, आणि त्या रानाला माणसे पुरविली ती मुख्यतः रत्नागिरी, सातारा, पुणे व कोल्हापूर ह्या मुलखांनी. हा कामगार मुंबईला आला तो बहुधा एकटा आला. त्याची बायको, म्हातारे आईबाप आणि पोरे गावीच राहिली. कारण गिरणीच्या मजुरीत मुंबईत बिऱ्हाड थाटणे परवडत नव्हते, आणि गावाकडचा जमिनीचा तुकडा, तो कितीही नापीक असला तरी, कसणाऱ्या हाताविना ठेवणे म्हणजे भाऊबंदांच्या घशात घालणे होते. १९२१च्या शिरगणतीत मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे सुमारे सव्वापाचशे स्त्रिया भरल्या. दोन पुरुषांमागे जेमतेम एक स्त्री, असे हे शहर होते; आणि ह्यातल्या उरलेल्या पुरुषाच्या पोटाची व्यवस्था कोणी करावयाची, ह्याचा विचार गिरणीमालकांनी केला नाही, सरकारनेही केला नाही.

निवाऱ्याची व्यवस्था गावकऱ्यांनी आपली आपण केली. एका गावाच्या वीस-तीस माणसांनी मिळून चाळीत एक खोली भाड्याने घ्यावी, भिंतीला ट्रंका रचाव्यात, वळकट्या बांधून ठेवाव्यात, आणि दिवसपाळीचा माणूस उठून गेला की रातपाळीच्या माणसाने त्याच जागी अंग टाकावे, अशा त्या गावाच्या खोल्या होत्या. पण त्या खोल्यांत चूल क्वचितच पेटे. जेवण दोन-चार दारे सोडून असलेल्या कुटुंबवाल्याच्या बिऱ्हाडी होई. ते बिऱ्हाड त्याच गावचे, निदान त्याच पंचक्रोशीतले असे; तिथली बाई कोणाची वहिनी लागे, कोणाची मावशी, कोणाची आक्का, आणि जिचे कोणाशीच नाते नसे तीही चार दिवसांत सगळ्यांची मावशी होऊन जाई. नवरा गिरणीत असे. पुष्कळदा तो क्षयाने खंगलेला किंवा काम सुटून घरी बसलेला असे. कित्येकजणी विधवा होत्या. स्वतः गिरणीत काम केलेल्या आणि तिथून बाहेर पडाव्या लागलेल्या बायकाही ह्यांत होत्या, कारण १९३०च्या सुमारास सुरू झालेल्या काटकसरीच्या योजनांनंतर गिरण्यांतल्या स्त्रियांची संख्या उत्तरोत्तर घटत गेली आणि बाईला चाळीतल्या चाळीत करता येण्याजोगे जे थोडे उद्योग उरले त्यांत चूल हा सर्वांत हाताशी होता.

जातीची भिंत येथेही होती, हे लपविण्यात अर्थ नाही. धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना जास्त मजुरीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, शिरू देत नसत, आणि डॉ. आंबेडकरांनी १९२८च्या संपाच्या काळात हा अन्याय उघडपणे पुढे मांडला होता. जो समाज धाग्याच्या बाबतीत एवढा कडक, तो ताटाच्या बाबतीत अधिकच कडक असणार. खाणावळी जातवार आणि गाववार वाटल्या गेल्या. कमी मजुरीच्या खात्यांत कोंडलेल्या माणसांना जेवू घालणाऱ्या बाईची मिळकतही त्यामुळे आपोआप कमी राहिली. तिच्या हातच्या भाकरीची चव कमी नव्हती, पण तिच्या गिऱ्हाइकाचा खिसा जातीने आधीच कापलेला होता.

आता व्यवहाराकडे वळू. खाणावळवालीचा खर्च रोजचा होता आणि उत्पन्न महिन्याचे. ज्वारी-तांदूळ, डाळ, तेल, मिरची, खोबरे, सुकट-बोंबील, कोळसा, पुढे रॉकेल, हे सारे जिन्नस आज आणावे तेव्हा आज शिजत. पण त्याचे पैसे जेवणाऱ्याच्या पगाराला हातात येत. आणि पगाराची रीत अशी होती की, महिना संपल्यावर गिरणीतले कारकून हिशेब करीत आणि पुढच्या महिन्याच्या दहा-पंधरा तारखेच्या सुमारास वाटप होई. म्हणजे जो गडी पहिल्या तारखेला कामाला लागला, त्याने पहिला पगार पाहावयास जवळजवळ सहा आठवडे जात. ह्या सहा आठवड्यांत तो जेवत होताच. गावाहून नुकताच आलेला, अंगावरच्या कपड्यांनिशी उतरलेला हा पोरगा कोणाच्या जिवावर जेवत होता, असा प्रश्न विचारला तर उत्तर एकच येते, आणि ते त्या मावशीच्या दाराशी नेऊन पोहोचविते. मुंबईच्या कापडधंद्याला जे खेळते भांडवल लागे त्याचा एक भाग, ज्याची नोंद कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात नाही, तो ह्या बायांनी पुरविला. मालकाने मजुराचे दीड महिन्याचे देणे अडवून ठेवावे आणि त्या मजुराला तेवढे दिवस जगवून ठेवण्याचा भार एका खोलीतल्या चुलीने उचलावा, अशी ही वाटणी होती. १९३६च्या वेतन-प्रदान कायद्याने मोठ्या कारखान्यांना वेतनाची मुदत संपल्यापासून दहा दिवसांच्या आत आणि हजाराहून कमी कामगार असलेल्यांना सात दिवसांच्या आत पगार वाटणे बंधनकारक केले, आणि तेणेकरून हे अंतर थोडे कमी झाले. त्या कायद्याचे श्रेय कामगार चळवळीला दिले जाते आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या लाभार्थींत खाणावळवाल्याही होत्या, हे कोणी म्हटलेले माझ्या वाचनात नाही.

बरे, पगार उशिरा का होईना पण ठरलेला मिळाला असता तरी गोष्ट वेगळी होती. साचेवाल्याची मजुरी तुकड्यावर. सूत वाईट आले, यंत्र बंद पडले की कापड कमी निघे आणि पैसे कमी होत. कापडात खोट निघाली तर ते खराब कापड विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून कापीत. दंड वेगळे. शिवाय प्रत्येक गिरणीच्या फाटकाशी बदलीवाल्यांचा जमाव रोज सकाळी उभा असे. कायम कामगारांपैकी जितके गैरहजर तितक्यांना आत घेत आणि बाकीचे परत फिरत. बदलीवाल्याला महिन्यात बावीस दिवस काम मिळेल की आठ, हे त्याला ठाऊक नसे, कामावर माणसे लावणाऱ्या मुकादमाच्या, म्हणजे जॉबरच्या, मर्जीवाचून तर मुळीच नसे. त्याची ती अनिश्चितता दुपारी अकराच्या सुमारास चाळीचा जिना चढून खाणावळीत येई. फाटकावरून परत आलेला माणूस उंबऱ्याशी घुटमळला की बाईला न सांगता कळे. ती म्हणे, ‘‘बस, जेवून घे.’’ त्या तीन शब्दांत तिने आणखी एक उधार दिवस आपल्या खात्यावर ओढून घेतलेला असे.

खाते म्हणजे तरी काय? पुष्कळजणींना अक्षरओळख नव्हती. शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी वहीत नावे मांडी. नाहीतर भिंतीवर कोळशाच्या रेघा, नाहीतर नुसती स्मरणशक्ती. त्यात सर्वांत नाजूक बाब खाड्याची. जेवणारा चार दिवस गावी गेला किंवा नातलगाकडे जेवला, तर ते दिवस वजा करावयाचे. पण एकदोन वेळा न सांगता चुकला तर त्याची भाकरी करून झालेली असे आणि तो खाडा धरावा की नाही ह्यावर दर महिन्याला रदबदली होई. बाहेरच्याला ही क्षुल्लक कटकट वाटेल. परंतु वीस माणसांचे दोन-दोन खाडे म्हणजे महिन्याला चाळीस दिवसांचे जेवण, आणि चाळीस दिवसांचे जेवण म्हणजे एका माणसाचा सबंध महिना भरून वर दहा दिवस! एवढी तर पुष्कळदा तिची सगळी नफ्याची पुंजी असे.

आणि मग गावाकडचे वर्ष. गिरणीच्या दिनदर्शिकेत बारा महिने सारखे होते, खाणावळीच्या वर्षात मात्र ते नव्हते. कोकणी माणूस शिमग्याला आणि गणपतीला घरी जाणार, घाटावरचा चैत्रातल्या जत्रेला जाणार. वैशाखात लग्ने, मृगाच्या तोंडावर पेरणी-लावणीची घाई, दिवाळीच्या मागेपुढे कापणी. मे महिन्यात खाणावळ ओस पडे. भाडे, वाण्याचे व्याज आणि घरच्या चार तोंडांची भूक मात्र कोणाच्या गावी जात नसे. पावसाळ्यात कोकणच्या आगबोटी बंद होत, तेव्हा बोट बंद होण्यापूर्वी जाऊन आलेला माणूस पुढे गणपतीपर्यंत हलत नसे आणि आषाढ-श्रावणात पंगत भरलेली राही. पण त्याच दिवसांत कोळसा भिजे, मासळी महाग होई आणि रात्री अंथरूण टाकण्याच्या जागेत ओली लाकडे रचून ठेवावी लागत. उत्पन्न वाढण्याचा हंगाम आणि खर्च वाढण्याचा हंगाम एकच असावा, हे ह्या धंद्याचे दुर्दैव.

ह्या सगळ्या अनिश्चिततेशी बाया कशा झुंजल्या, हा ह्या निबंधाचा गाभा आहे. पहिला आधार वाण्याचा. वाणी महिन्याच्या उधारीवर शिधा देई. ह्या उधारीवर त्याने वेगळे व्याज लावले नाही तरी भावातच ते धरलेले असे, आणि रोख गिऱ्हाइकाला जो तांदूळ मिळे तो उधारीवाल्याला मिळत नसे. किडका तांदूळ निवडण्यात, खड्यांची डाळ पाखडण्यात जे तास गेले ते त्या व्याजाचाच एक हप्ता होते. वाण्याशी भांडता येत नसे. दुसऱ्याकडे जावे तर पहिल्याची बाकी फेडली पाहिजे. म्हणून पगाराच्या दिवशी जे पैसे जमत ते प्रथम वाण्याकडे जात, मग भाड्याकडे, आणि राहिले तर घराकडे. पगाराच्या दिवशी कित्येक बाया स्वतः गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहत. तिथेच व्याजाने पैसे देणारा पठाण उभा असे, सावकाराचा माणूस उभा असे, दारूच्या गुत्त्याची वाटही तिथूनच जाई. पहिला हात ज्याचा त्याचे वसूल, असा तो मामला होता. आणि त्या धटिंगणांच्या गर्दीत पदर खोचून उभी असलेली ती बाई, जिच्या हाती दंडुका नव्हता, कागद नव्हता, जिचा तगादा म्हणजे केवळ तिचे तिथे दिसणे एवढाच होता, तिचे चित्र गिरणगावाच्या इतिहासात मोर्चांच्या चित्राइतकेच मोठे काढले पाहिजे.

दुसरा आधार सावकाराचा, आणि तो आधार नव्हताच. रुपयामागे दरमहा एक आणा हा व्याजाचा दर त्या वस्तीत परिचयाचा होता. ऐकावयास तो हलका वाटतो. पण हिशेब मांडला तर शंभर रुपयांना महिन्याचे सव्वासहा रुपये आणि वर्षाचे पंचाहत्तर होतात. मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने १९२१-२२ साली कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची जी पाहणी केली, तिच्यात जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात आढळली. पुढे १९४६चा सावकारी नियंत्रणाचा कायदा आला, परवाने आले, व्याजाच्या मर्यादा आल्या; पण कायदा कागदावरच्या कर्जाला पकडतो, आणि चाळीच्या जिन्यात तोंडी घेतलेल्या पन्नास रुपयांना कागद नसतो.

तिसरा आधार अंगावरच्या सोन्याचा. सोने हे तिच्यासाठी भूषण थोडे आणि बँक अधिक होते. मेमध्ये पाटली किंवा डोरले मारवाड्याकडे गहाण पडे आणि दिवाळीला सोडवून आणले जाई. स्वातंत्र्योत्तर काळात दिवाळीच्या बोनसाला जे एवढे महत्त्व आले, १९५० साली ज्या बोनसासाठी गिरणी कामगारांनी ६३ दिवसांचा संप केला, तो बोनस कामगाराच्या घरी जसा नव्या कपड्यांचा होता तसा खाणावळीत तो वर्षभराच्या थकबाकीच्या फेडीचा होता. सोने संपले की तांब्या-पितळेची भांडी जात. आणि येथे मला थांबून एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. मोठी पातेली, परात आणि हंडा गहाण टाकणे म्हणजे धंद्याची हत्यारेच गहाण टाकणे. शेतकऱ्याने बैल विकावा तसे ते आहे. एवढ्या टोकाला गेलेली बाई शेजारणीचे पातेले मागून आणून स्वयंपाक करी, पण पंगत मोडू देत नसे.

चौथा आधार भिशीचा होता, आणि तो पूर्णपणे बायांच्या स्वतःच्या अकलेचा होता. समजा, बारा जणींनी दरमहा दहा-दहा रुपये काढावयाचे ठरविले. म्हणजे दर महिन्याला एकशेवीस रुपये जमले, आणि चिठ्ठीत जिचे नाव निघेल तिने ते उचलावे, वर्षभरात प्रत्येकीची पाळी येते. ह्यात कोणालाच पदरच्यापेक्षा अधिक मिळत नाही, मग लाभ कोणता? लाभ हा की, थेंबाथेंबाने येणारा आणि थेंबाथेंबानेच नाहीसा होणारा पैसा एकदम ओंजळभर हाती येतो. आणि घरात साठविलेली रक्कम नवरा मागेल, दीर मागेल, आजारपण मागेल, पण भिशीत दिलेली रक्कम मागावयास कोणी येऊ शकत नाही. चिठ्ठी कोणाचीही निघो, मे महिन्यात जिची चूल थंड पडली आहे तिला ती देऊन टाकण्याचा समजूतदारपणा चाळीतल्या भिशीत असे. अर्थशास्त्र ह्याला काय म्हणेल ते म्हणो. जिथे उत्पन्नाचा दिवस आणि गरजेचा दिवस जुळत नाहीत तिथे ते दोन दिवस एकमेकांजवळ आणण्याची ही युक्ती आहे, आणि ती कोणत्याही विमा कंपनीने त्यांना शिकविली नव्हती.

पाचवा आधार ताटातच होता. पगारानंतरच्या रविवारी वशाट शिजे, मटणाचा वास जिन्यापर्यंत येई. पुढच्या आठवड्यात बांगडा, त्याच्या पुढच्यात सुकट, आणि महिनाअखेरीस झुणका व भाकरी. आमटी हळूहळू पातळ होत जाई. कोणी तक्रार केली तर करी, बहुतेक करीत नसत, कारण त्यांनाही तारीख ठाऊक होती. पातळ आमटी ही फसवणूक नव्हती. महिन्याच्या आरंभी ठरलेला जेवणाचा दर महिन्याच्या मध्ये वाढविता येत नसे, बाजारात धान्य मात्र रोज चढे. तेव्हा पाणी हाच तिच्या हातातला एकमेव दर होता. ज्या बाईने असे पाणी वाढविले तिने स्वतःच्या मुलांनाही तीच आमटी वाढली आणि स्वतः पुष्कळदा खरवडीवर भागविले.

ह्या सर्व युक्त्यांना एक मर्यादा होती, आणि ती मर्यादा संपाने दाखविली. मी वर म्हटले की, जेवणारे एका गावचे असत. जॉबर आपल्या गावच्या माणसांना आपल्या खात्यात लावी. म्हणून ज्या नात्याने बाईला गिऱ्हाईक मिळे, त्याच नात्याने तिचे सगळे गिऱ्हाईक एका गिरणीत, पुष्कळदा एका खात्यात एकवटलेले असे. किराणा दुकानदाराचे एक गिऱ्हाईक बुडाले तर दुसरे राहते. हिचे बुडाले तर वीसच्या वीस एका दिवशी बुडत. १९२५ साली मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली तेव्हा सप्टेंबरपासून डिसेंबरच्या आरंभापर्यंत गिरण्या बंद राहिल्या. १९२८ साली तर एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने, दीड लाख कामगारांनी काम बंद ठेवले. ह्या संपाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. गिरणी कामगार युनियनचा उदय, पुढाऱ्यांची भाषणे, वाटाघाटी ह्यांची साधने भरपूर आहेत. पण सहा महिने दीड लाख माणसे काय खात होती? पुष्कळ गावी गेली. युनियनने धान्य वाटले. आणि जे मागे राहिले, फाटकाशी पहारा करीत राहिले, ते आपापल्या मावशीच्या पंगतीला बसत राहिले. संप टिकतो तो केवळ निर्धाराने टिकत नाही, उधारीने टिकतो. ज्या दिवशी वाणी बाईला नाही म्हणेल त्या दिवशी संप मोडेल, हे मालकांना कळत होते. ती बाई सभेला गेलेली नसे, तिचे नाव कोणत्याही समितीत नसे, परंतु तिने आपले डोरले मोडून जो तांदूळ आणला तो संपाच्या निधीत जमा धरला पाहिजे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

ही गोष्ट आंदोलनात काम करणाऱ्या एका स्त्रीच्या नजरेस पडावयास १९७० नंतरचा काळ उजाडावा लागला. १९७२च्या दुष्काळाने धान्याचे भाव कडाडले होते, मुंबईत बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. त्याच काळात गिरणी कामगारांचा ४२ दिवसांचा संप झाला आणि त्या संपातही खाणावळवाल्यांनी दागिने गहाण टाकून माणसे जेवू घातली. प्रेमा पुरव, ज्यांनी तरुणपणी गोव्याच्या मुक्तिलढ्यात भाग घेतला होता आणि पुढे मुंबईत कामगारांत काम केले, त्यांनी ह्या बायांकडे संपाच्या पाठीराख्या म्हणून न पाहता स्वतः कामगार म्हणून पाहिले. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, आणि १९७२ साली गरिबांना चार टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजना निघाली होती. परंतु बँकेला तारण पाहिजे, जामीन पाहिजे, दस्तऐवज पाहिजे. भाड्याची पावती नवऱ्याच्या नावावर, धंदा कोणत्याही दप्तरात नोंदलेला नाही, सही येत नाही. तेव्हा बायांनी एकमेकींचे जामीन व्हावयाचे ठरले. १९७५ साली चौदा जणींना बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकी दीड हजार रुपयांचे कर्ज मिळाले आणि अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना झाली.

दीड हजारांवर चार टक्क्यांनी वर्षाचे साठ रुपये व्याज होते. रुपयामागे महिना एक आण्याच्या जुन्या दराने तेच अकराशे पंचवीस होते. ह्या दोन आकड्यांमधली एक हजार पासष्ट रुपयांची दरी मी पुन्हापुन्हा मांडून पाहिली आहे, कारण तिच्यात गहाण पडलेली सारी डोरली, निवडलेले सारे खडे आणि पातळ झालेली सारी आमटी सामावलेली आहे. खाणावळवाल्यांना हिशेब कळत नव्हता, काटकसर जमत नव्हती, म्हणून त्या कर्जात होत्या असे जे सुशिक्षित लोक सहज बोलून जात, त्यांना ह्याहून अधिक उत्तर देण्याची आवश्यकता नाही. रोख पैसे हाती आल्याबरोबर बाईला वाण्याच्या खात्यातून बाहेर पडून घाऊक बाजारातून महिन्याचा शिधा एकदम आणता आला. आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची, बेगमी, जी गावाकडे तिच्या आईने प्रत्येक वैशाखात केली होती, ती मुंबईत प्रथमच तिला स्वतःच्या पैशाने करता आली. मंडळ वाढले, हजारो बाया त्यात आल्या, आणि पुढे त्यांनी एकत्र स्वयंपाक करून कचेऱ्यांना जेवण पुरविण्याचाही उद्योग उभारला. पाळण्यापासून चुलीपर्यंत दुसऱ्याच्या नावावर जगलेल्या बाईचे नाव बँकेच्या पासबुकावर छापलेले पाहताना तिला काय वाटले असेल, ह्याची कल्पना मला करता येते. वर्णन करणे जमत नाही.

ही घडी नीट बसते न बसते तोच १८ जानेवारी १९८२ हा दिवस आला. कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. खाणावळींनी जे १९२८ साली केले होते तेच केले. पहिले काही आठवडे पंगती चालू राहिल्या, वह्यांत बाकी चढत गेली. मग एकेक गडी ट्रंक उचलून निघाला. शिमग्याला जाऊन येतो म्हणाला, पेरणी आटोपून येतो म्हणाला, गणपती झाले की गिरणी सुरू होईल म्हणाला. नेहमीच्या वर्षांत हीच वाक्ये बाईने ऐकली होती आणि नेहमीच्या वर्षांत तो माणूस भाद्रपद संपता संपता घरच्या भाताची पिशवी आणि मागच्या बाकीचे पैसे घेऊन परत आला होता. म्हणून तिने ह्याही वर्षी त्याच्या नावाची ओळ खोडली नाही. पुष्कळ गिरण्या पुन्हा पूर्ववत सुरू झाल्याच नाहीत, आणि तो संप मागे घेतल्याची घोषणाही कोणी केली नाही. जमाखर्चाच्या रीतीप्रमाणे न फिटलेली रक्कम पुढच्या पानावर ओढावयाची असते, आणि त्या वह्यांच्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर, नावांच्या यादीखाली, ती तशी ओढलेली आहे.